पत्रा, बाज आणि स्ट्रेचर : मदतीला धावणाऱ्यानं आधी काय शिकायचं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातल्या एका धबधब्यावर रविवारची तोबा गर्दी होती. वीस-बावीस वर्षांचं एक पोरगं शेवाळावरून घसरलं आणि खाली दगडांत पडलं. मी तिथंच होतो. बघता बघता चाळीस-पन्नास माणसं जमली. काहींनी मोबाईल काढले, ते सोडा. पण मदत करणारेही कमी नव्हते. दोघांनी बगलेत हात घातले, दोघांनी पाय धरले. डावा पाय माझ्या हातात होता. पोरगं जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि आम्ही "झालं, झालं, आलंच वर" म्हणत पायवाट चढत होतो. वर एक जीप मिळाली. मागच्या सीटवर त्याला कसंबसं कोंबलं आणि निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याला इथवर आणलं कसं?"

मांडीचं हाड मोडलं होतं. आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून जरा वाचन केलं, सह्याद्रीत हे काम करणाऱ्या दोन-चार जणांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण सवडीनं वाचा.

गोष्ट सुरू होते पार अमेरिकेतून, बर्फातून. आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर, हे मान्य. तरी ऐका.

१ जानेवारी १९३६. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात स्टो नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरावर चार्ल्स मायनॉट डोल नावाचा एक विमा व्यवसायातला माणूस बायको आणि मित्रांसोबत स्कीइंग करायला गेला होता. स्कीइंग म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. डोल पडला आणि त्याचा घोटा मोडला. आता त्याला खाली न्यायचं कसं? डोंगरावर ना स्ट्रेचर, ना प्रथमोपचार जाणणारा माणूस. त्याचा मित्र फ्रँक एडसन मदत शोधायला गेला आणि शेवटी काय घेऊन आला, तर छपराचा पत्रा. त्या पत्र्यावर टाकून डोलला ओढत खाली आणलं.

आपल्याकडं वाडी-तांड्यावरून पेशंटला बाजेवर टाकून रस्त्याला आणतात, तसाच तो पत्रा. साधन नसलं की माणूस जे हाताला लागेल ते घेतो. यात अमेरिका आणि बीड असा फरक नाही.

पुढं त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रँक एडसन एका स्कीइंगच्या शर्यतीत झाडावर आदळला आणि गेला. ज्यानं पत्रा शोधून आणला, तोच गेला. डोलच्या जिवाला ते लागलं. त्यानं अपघातांची चौकशी करायला समिती बसवली, ठिकठिकाणी प्रश्नावल्या पाठवल्या. काहींनी चांगली माहिती दिली आणि काहींनी उलट टोमणे मारले, की हे भित्रे लोक आहेत, खेळाची मजा घालवायला निघालेत, पोरांच्या आयांना घाबरवतायत. धबधब्यावर "जरा मागं सरका" म्हणणाऱ्याला आपल्याकडं जे ऐकून घ्यावं लागतं, ते तिथंही ऐकून घ्यावं लागलं.

डोल मागं हटला नाही. १९३८ मध्ये 'नॅशनल स्की पेट्रोल' उभं राहिलं. स्वयंसेवकांची संघटना. आठवडाभर आपापली नोकरी-धंदा करायचा आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर पहारा द्यायचा. पडलेल्या माणसाला जागेवर उपचार द्यायचे आणि घसरगाडीच्या स्ट्रेचरवरून सुखरूप खाली आणायचं. ती संघटना आजही आहे आणि हजारो माणसं तिच्यात काम करतात.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती वाटली सांगू? या संघटनेत नुसती हौस चालत नाही. चांगलं स्कीइंग येतं म्हणून कुणाला अंगावर क्रॉस असलेलं जॅकेट मिळत नाही. आधी आपत्कालीन उपचारांचा लांबलचक अभ्यासक्रम. रक्त थांबवणं, मोडलेलं हाड जागच्या जागी बांधणं, मानेला-मणक्याला मार असेल तर माणसाला न हलवता तपासणं. त्याची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. मग स्ट्रेचरची गाडी उतारावरून आणायचा सराव, आधी रिकामी, मग वजन ठेवून, मग त्यात जिवंत माणूस झोपवून. तोवर तुम्ही उमेदवार. जुन्या माणसांच्या मागं राहायचं, सामान वाहायचं, बघायचं. आणि पास झालात तरी दर वर्षी उजळणी.

यातले काही जण आणखी आडरानात काम करतात. जिथं पाळणा नाही, आखलेली वाट नाही, दवाखाना कोसावर. तिथं एकट्यानं जायचं नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाकडं फावडं, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि एकमेकांना संदेश देणारं यंत्र. कारण हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडेच. हेलिकॉप्टर कितीही भारी असलं तरी पंधरा मिनिटांत येत नाही. वाचवतो तो शेजारी उभा असलेला माणूस, आणि तोही त्याला काम येत असेल तरच.

हे वाक्य लक्षात ठेवा, बीडला आलो की पुन्हा लागेल.

जाता जाता एक आठवण. दुसऱ्या महायुद्धात याच डोलनं सरकारच्या मागं लागून डोंगरात लढणारी फौज उभी करायला लावली आणि तिच्यासाठी माणसं निवडायचं काम स्की पेट्रोलनं केलं. ती फौज १९४५ मध्ये इटलीच्या डोंगरांत लढली. त्याच इटलीत त्याच वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आपण सांगताना त्यांनी मशीनगनी कशा उडवल्या ते सांगतो. पण त्याआधी त्यांनी दोन जखमी साथीदारांना गोळीबारात, खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं होतं. जखमी माणसाला उचलून आणणं हे शौर्यच असतं, ते आपण मोजत नाही एवढंच.

हे सगळं अमेरिकेतच सुरू झालं असंही नाही. मार्च १८९६ मध्ये व्हिएन्नाजवळच्या राक्स डोंगरात हिमकडा कोसळून तीन गिर्यारोहक गेले. त्यानंतर तिथल्या गिर्यारोहण संस्था एकत्र आल्या आणि डोंगरातल्या बचावासाठीची जगातली पहिली संघटना उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९२८ साली एका गिर्यारोहकाची मांडी मोडली. नीट स्ट्रेचर नाही, वेदनाशामक नाही, अशा हालात त्याला रस्त्यापर्यंत आणलं आणि शेवटी पाय कापावा लागला. मांडीचंच हाड! मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या माणसावर उपचार करणाऱ्या विल्सन हेय या मँचेस्टरच्या सर्जननं नंतर सगळं आयुष्य या कामाला दिलं. डोंगरात चालेल असं खास स्ट्रेचर तयार झालं. हेय यांनी बचाव पथकांच्या पेटीत मॉर्फीन ठेवायला सुरुवात केली. कायद्यात ते बसत नव्हतं. १९४९ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, दहा पौंड दंड झाला. पण गवगवा झाल्यावर सरकारलाच नियम बदलावा लागला आणि पथकांना मॉर्फीन ठेवायची परवानगी मिळाली.

व्हिएन्ना असो, मँचेस्टर असो की व्हरमाँट, सगळीकडं क्रम एकच दिसतो. आधी कुणीतरी जातं किंवा कायमचं अधू होतं. मग जवळच्या माणसांना चुटपुट लागते. बहुतेक ठिकाणी ती चुटपुट तेराव्यापर्यंत टिकते. काही ठिकाणी तिची संघटना होते.

आता आपल्या महाराष्ट्रात या.

सह्याद्रीत हे काम करणारी माणसं मूळची ट्रेकर. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचं यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे ट्रेकर्स अशी किती नावं घ्यावीत. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, कुणी रिक्षावाला, कुणी कंपनीत कामाला. रात्री-अपरात्री फोन येतो, की अमुक कड्यावर पोरं अडकलीत. हे दोर, हार्नेस, स्ट्रेचर घेऊन निघतात. पगार नाही. अशा संस्थांना जोडणारं 'महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर' आहे, अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेलं. फोन आला की जवळचं पथक कोणतं, वाट कुणाला माहीत आहे, हे तिथून ठरतं. एकाच जागी पाच पथकं आणि दुसरीकडं कुणीच नाही, असं होऊ नये म्हणून.

२८ जुलै २०१८. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल दरीत गेली. एकच जण वाचला, तो वर चढून आला आणि त्यानं कळवलं. बाकी सगळे गेले. पावसात, धुक्यात, निसरड्या कड्यावरून दोर सोडून खाली उतरायचं आणि एकेक देह वर आणायचा, हे काम या ट्रेकर पोरांनी केलं.

१९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर रात्री डोंगर कोसळला. वाडीला गाडीरस्ता नाही, चढून जायचं. जेसीबी नेणं शक्य नाही. भर पावसात अंधारात वर चढलेल्यांमध्ये जवळपासच्या गावांतले लोक आणि स्वयंसेवक आघाडीवर होते. २७ देह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. चौथ्या दिवशी शोध थांबवला. त्या रात्री वाडीकडं चढताना अग्निशमन दलातला एक माणूस हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. मदतीला जाणाऱ्याचाही जीव असतो, हे विसरू नका.

एका स्वयंसेवकाला मी विचारलं, की तुमच्यात यायचं तर काय करावं लागतं? तो हसला. म्हणाला, "पहिले दोन वर्षं गर्दी हटवायची आणि दोर गुंडाळायचा. ज्याला याचा कंटाळा येतो, तो आपोआप गळतो." गाठी शिकायच्या, डोळे मिटून बांधता येतील इतक्या. दोरावरून उतरायचं, आणि नंतर जखमी माणसाला सोबत घेऊन उतरायचं. प्रथमोपचार शिकायचा. जमलं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी जवळजवळ महिनाभराचा मूलभूत अभ्यासक्रम करायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे "आत्ता जायचं नाही" हे सांगायला आणि ऐकायला शिकायचं. पाणी वाढलंय, दरड सैल आहे, तर थांबायचं. खाली आई टाहो फोडतेय आणि आपण थांबायचं. त्याला म्हणे छातीपेक्षा डोकं जास्त लागतं.

म्हणजे अमेरिकेतल्या बर्फात काय आणि सह्याद्रीतल्या चिखलात काय, रीत एकच. आधी शीक, मग धाव.

आता बीड.

कुणी म्हणेल, आपल्याकडं कुठं डोंगर? बालाघाट विसरलात का? पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा आणि खालची दरी, मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, धारूरचा किल्ला आणि तिथला घाट. पावसाळ्यात या प्रत्येक ठिकाणी जत्रा असते. रील करणाऱ्यांची वेगळी. शिवाय डोंगर सोडला तरी पाणी आहे. शेततळी, विहिरी, नाले, बंधारे, सिंदफणा, गोदाकाठ. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेनं बीड शहरात काय केलं ते जुन्या माणसांना विचारा. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आपला जिल्हा दुष्काळाचा म्हणून ओळखला जातो, पण बुडून मरायला वर्षभर पाणी लागत नाही, एक तास पुरतो.

मदतीची कमी आपल्याकडं कधीच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमचे वडील गावातल्या गड्यांसोबत टेम्पोत बसून गेले होते. ते सांगायचे, "हात होते रे, पण दगडाखाली माणूस जिवंत आहे हे कळल्यावर कोणता दगड आधी काढायचा हेच कळत नव्हतं. एक काढला की दुसरा खाली यायचा." शेवटपर्यंत त्यांना त्या एका घराचं वाईट वाटायचं. त्याबद्दल ते पुढं कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

आता ते वर सांगितलेलं वाक्य आठवा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, आपल्या भागाला जवळची बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबऱ्याला आहे. ती माणसं उत्तमच आहेत. पण तुकडी आधीच मराठवाड्यात आणून ठेवलेली नसेल, तर तिथून बीडला यायला पाच-सहा तास लागणारच. पाण्यात गेलेल्या माणसाकडं पाच-सहा मिनिटं असतात. या दोन आकड्यांच्या मधली जागा कुणी भरायची?

आज ती जागा भरतात आपले भोई, पट्टीचे पोहणारे, मेंढपाळ, वाटा माहीत असलेले गुराखी, विहिरीत उतरणारे गडी. तहसीलदाराला आणि पोलिसांनाही शेवटी त्यांनाच हाक मारावी लागते. त्यांच्याकडं कसब आहे, छाती आहे. नाही ते लाईफ जॅकेट, दोर, स्ट्रेचर, विमा आणि प्रशिक्षण. म्हणूनच एकाला काढायला गेलेला दुसराही बुडाल्याची बातमी आपण पेपरात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

"हे सरकारचं काम नाही का?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. आहे, शंभर टक्के आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे. केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे. २०१६ मध्ये ३० जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. त्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात आलं. कागदावर बरंच आहे. पण कागदावरचं गावात आणायला गावातली माणसं मागं लागावी लागतात. डोल सरकारच्या मागं लागला, हेय तर कोर्टात उभे राहिले. स्वयंसेवक झालं म्हणजे सरकारला सोडून दिलं असं होत नाही. उलट ज्याला दोराची किंमत माहीत असते, तोच दोर मागू शकतो.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक तालुक्यात दहा-बारा जणांचा एक गट. त्यात एक तरी नर्स किंवा फार्मासिस्ट, दोन-चार पट्टीचे पोहणारे, दोन वाटाडे, एक जीपवाला. आणि बायाही हव्यात, कारण जखमी बाईला हात लावायला बाप्ये दहा वेळा बिचकतात आणि तेवढ्यात वेळ जातो. एक घडीचं स्ट्रेचर, दोर, लाईफ जॅकेटं, पेटी. सह्याद्रीतल्या पथकांना बोलावून दोन दिवसांचं शिबिर. उन्हाळ्यात, धबधबा कोरडा असताना, तिथंच सराव. आणि पावसाळ्याच्या चार रविवारी पाळीनं तिथं उभं राहायचं. शिवजयंतीला आपण जेवढी वर्गणी डीजेला देतो, तिच्या काही हिश्श्यात हे साहित्य येतं. डीजेवाल्यांनी राग मानू नये.

यात नाव होणार नाही. पोरगं वाचलं तर लोक देवाचे आभार मानतील, नाही वाचलं तर तुम्हाला शिव्या देतील. स्की पेट्रोलवाल्यांना हे माहीत होतं, इर्शाळवाडी चढणाऱ्यांनाही माहीत होतं. तरी ते गेले.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. मध्यंतरी त्याच्या घरी जाऊन आलो. शस्त्रक्रिया झाली, रॉड घातलाय, काठी घेऊन चालतो. घरचा कर्ता. या वर्षी ऊसतोडीला जाता आलं नाही, उचल फिटायची आहे. त्याच्या आईनं चहा केला आणि म्हणाली, "तुमच्यामुळं लेकरू वाचलं, दादा." मला चहा जाईना. आमच्या उचलण्यानं त्या पायाचं किती नुकसान झालं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वेळी मात्र कुणी "कसं आणलं?" असं विचारलं, तर मला मान वर करून उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून मी प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलंय. आपल्या तालुक्यातून आणखी कोण येतंय, ते कमेंटमध्ये सांगा. पोहता येत असेल, वाटा माहीत असतील, किंवा नुसती जीप असेल तरी चालेल. गर्दी हटवायची आणि दोर गुंडाळायची तयारी ठेवा.